डब्यातलं एकोणीसशे एकोणपन्नास

अमेरिकेच्या जुन्या टेलिव्हिजनची अर्धी आठवण आपल्या हातात आहे, असं भानुदास गजभियेने आपल्या आईला सांगितलं, तेव्हा तो चहात बिस्किट बुडवत होता. "मी नसतो ना आई, तर पन्नास वर्षांपूर्वी टीव्हीवर काय दिसायचं, ते या लोकांना कळलंच नसतं."

खरं तर तो ज्या कंपनीत होता, ती जुन्या फिल्म कॉम्प्युटरवर उतरवायची, आणि भानुदास त्या फिल्मची यादी ठेवणारं सॉफ्टवेअर सांभाळायचा. फिल्मला हात लावणारे लोक वेगळे होते आणि ते पांढरे हातमोजे घालून लावायचे. पण नागपूरहून पहिल्यांदाच अमेरिकेत, वेस्ट विंडसरला आलेल्या आईसमोर एवढा तपशील कोण सांगत बसतं?

शेवंताबाई म्हणाल्या, "मग दाखव ना एखादी आठवण."

माणूस आपल्याच बढाईत अडकतो तो असा. कंपनीच्या भिंतीवर लाल अक्षरांत नियम लिहिला होता की फिल्म इमारतीबाहेर जाणार नाही. गेली, तर नेणाराही परत येणार नाही. भानुदास तो नियम पाच वर्षं रोज वाचत होता. तरी शुक्रवारी संध्याकाळी त्याच्या बॅगेत एक गोल पत्र्याचा डबा होता आणि बॅगेची चेन अर्धीच लागली होती.

डब्यात १९४९ साल होतं. त्या काळी न्यूयॉर्कचा कार्यक्रम लांबच्या गावांना त्याच वेळी दाखवायची सोय नव्हती. म्हणून टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावून चालू कार्यक्रम टिपायचे आणि ती फिल्म पोस्टाने पुढे पाठवायचे. एका छोट्या नेटवर्कने असा पाठवलेला पहिला कार्यक्रम म्हणजे 'मिसेस पेलचं स्वयंपाकघर', अवघा पंधरा मिनिटांचा. त्याची जगात ही एकच प्रत उरली होती.

शेवंताबाईंनी गुंडाळीची सुटी होती तेवढी पट्टी दिव्यासमोर धरून पाहिली. काळ्या टोकानंतर नखाएवढ्या चौकटीत एक बाई एप्रन घालून उभी होती. पुढच्या चौकटीतही तीच, तिच्या पुढच्या चौकटीतही तीच. "हिचं काही पुढं सरकत नाही," त्या म्हणाल्या, आणि कणीक मळायला निघून गेल्या.

फिल्म थंडीत ठेवतात एवढं भानुदासला ऐकून माहीत होतं. त्याने डबा पिशवीत गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवला. सोमवारी सगळ्यांच्या आधी जायचं, डबा होता तिथे ठेवायचा, संपलं. शनिवार-रविवार त्याला डब्याची आठवणही झाली नाही, कारण रविवारी एडिसन गावातल्या शाळेच्या हॉलमध्ये बाबासाहेबांची जयंती होती आणि खुर्च्या आणण्यापासून माइक लावण्यापर्यंत सगळं त्याच्याच गळ्यात होतं. शेवंताबाईंनी दीडशे बेसनाचे लाडू केले. लोकांनी ते मिटक्या मारत खाल्ले.

सोमवारी सव्वाआठला भानुदासने डबा फळीवर ठेवला, कॉम्प्युटरच्या यादीत 'जागेवर आहे' अशी खूण तपासली आणि कॉफी घेतली. कुणी पाहिलं नव्हतं. आता जन्मात असा मूर्खपणा करायचा नाही, असं त्याने मनाशी ठरवलं.

दहा वाजता त्याची बॉस डॉरिस हॅनली एका म्हाताऱ्या गृहस्थांना हाताला धरून घेऊन आली. "भानू, हे लेनर्ड क्रेमर. पुढच्या आठवड्यात येणार होते, पण आजच आले. एकोणपन्नास सालच्या त्या रात्री कॅमेऱ्यामागे हेच होते. मिसेस पेलचा डबा काढतोस?"

भानुदासने अगदी निर्धास्तपणे डबा आणून टेबलावर ठेवला. डॉरिसने पांढरे मोजे चढवले. क्रेमरनी चष्मा पुसला. झाकण निघालं.

आत चौदा लाडू होते. खाली कागदी नॅपकिन घातला होता आणि प्रत्येक लाडवावर एक बेदाणा होता.

भानुदासचं व्हिसाचं सहावं, म्हणजे शेवटचं वर्ष चालू होतं. ग्रीन कार्डचे कागद कुठल्यातरी सरकारी टेबलावर वर्षभर पडून होते आणि ते सगळं या नोकरीच्या दोरीला टांगलेलं होतं. नोकरी गेली की व्हिसा गेला, बायकोचा, सुजाताचा, त्याच्यासोबत गेला, घराचं, गाडीचं, सगळ्याचं बिऱ्हाड गुंडाळा.

"हे काय आहे?" डॉरिसने अगदी हळू विचारलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"बेसन," भानुदास म्हणाला.

"फिल्म कुठे आहे?"

खोटं बोलायला दोन-तीन वाटा होत्या. कुरिअरवाला होता, साफसफाईची माणसं होती. पण त्या वाटांवर दुसऱ्या कुणाची तरी नोकरी उभी होती, आणि तेवढं भानुदासच्याने झालं नाही. "घरी," तो म्हणाला. "आईला दाखवायला नेली होती."

डॉरिसने मोजे काढून टेबलावर ठेवले. "फोन कर."

त्याने केला. तीन रिंगांनंतर शेवंताबाईंनी उचलला.

"आई, ऑफिसच्या डब्यात लाडू कुणी भरले?"

"मीच भरले ना. काल तू खुर्च्या पोचवायला गेला, तेव्हा फ्रिज उघडला तर काय आंबूस वास, बापा! दुधालाही लागला. पाहते तर तुझ्या ऑफिसचा डबा. सोडा लावून घासला दोनदा."

"अगं पण लाडू काहून?"

"दुसऱ्याचा डबा रिकामा परत देतात का? तुला काही शिकवलं का नाही मी?"

भानुदासने डोळे मिटले. "आणि आतलं? ती पट्टी?"

"ती वाळत घातली. ऊन चांगलं आहे आज."

भानुदासने फोन ठेवला. समोर दोघं त्याच्याकडे बघत होते. "काय म्हणाल्या?" डॉरिसने विचारलं.

"सुरक्षित आहे म्हणाली," भानुदास म्हणाला. हे मात्र खोटं होतं, आणि ते बोलून त्याची भीती दुप्पट झाली.

डॉरिसने गाडीची किल्ली उचलली. क्रेमर म्हणाले, मीही येतो, छप्पन्न वर्षं थांबलोय. ते मागच्या सीटवर बसले आणि मांडीवर लाडवांचा डबा घेतला, कारण टेबलावर तो ठेवून काय करायचं हे कुणालाच सुचलं नव्हतं. रस्ता वीस मिनिटांचा होता. भानुदास मनातल्या मनात सामान बांधत होता. सोफा कुणाला द्यायचा इथपर्यंत तो आला, तेव्हा मागून मिटक्यांचा आवाज आला. क्रेमरनी लाडू खाल्ला होता.

घराच्या दारावर चिठ्ठी चिकटवलेली होती. सोसायटीच्या नियमाप्रमाणे डेकवर कपडे वाळत घालता येत नाहीत, त्वरित काढावेत. भानुदासने ती फाडून खिशात कोंबली आणि दोघांना मागच्या बाजूला नेलं.

मागच्या लाकडी डेकच्या या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत सुतळीच्या ओळी बांधल्या होत्या. त्यांच्यावर साडेपाचशे फूट अमेरिकन टेलिव्हिजन लाटालाटांनी टांगलं होतं, कपड्यांचे चिमटे लावून. खाली जुनी चादर. शेजारी खुर्चीवर शेवंताबाई हातात लाटणं घेऊन बसल्या होत्या आणि कठड्यावरच्या खारीला दम देत होत्या. वाळवणाला राखण लागतेच. सुजाता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. नवऱ्याचा चेहरा पाहून तिने ओढणी तोंडाशी धरली.

"कुरडयांसारखी एकमेकींना चिकटली होती ना," शेवंताबाईंनी पाहुण्यांना समजावून सांगितलं. "ओढली असती तर तुटली असती. मग हळूहळू सोडवली, कडेकडेनं धरून. बरं का बाई, मधे हात नाही लावला. पहिला हातभर तुकडा पार सडका होता, तो कापला."

"काय म्हणताहेत?" डॉरिसने विचारलं.

भानुदासने सगळं इंग्रजीत सांगितलं. कापल्याचंही सांगितलं. आता काय राहिलं होतं लपवायला?

डॉरिस वाकून ओळीखालून गेली. तिने एका लाटेजवळ नाक नेलं, मग दुसऱ्या. चिमट्यांपाशी थांबून तिने मान हलवली. ती परत आली तेव्हा तिच्या कपाळावरच्या आठ्या तशाच होत्या, पण आवाज बदलला होता. "ही सडून चिकटलेली गुंडाळी अशी उघडणार नाही, असं लॅबने मला गेल्या महिन्यात लिहून दिलंय. आधी हवा लागली पाहिजे, मग प्रयत्न करू म्हणाले होते. ह्यांनी उघडली कशी?"

भानुदासने विचारलं. "धीरानं," शेवंताबाई म्हणाल्या. "आणि फॅन बंद करून."

कापलेला तुकडा त्यांनी वाटीखाली जपून ठेवला होता. क्रेमरनी तो उजेडात धरला. काळाकुट्ट, कोरा. सुरुवातीला कॅमेरा वेग घेतो तेवढाच भाग, म्हणाले, यात कधीच काही नव्हतं. मग ते ओळीपाशी गेले आणि एका चौकटीसमोर बराच वेळ उभे राहिले. शेवंताबाईंनी आपली खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.

"त्या रात्री माझे हात असे कापत होते," ते बसत म्हणाले. "फिल्म खराब झाली असती तर उद्या नोकरी नाही. घरी दोन महिन्यांची मुलगी. पंधरा मिनिटं मी श्वास घेतला नाही. कार्यक्रम कसा झाला, ते मला अजून माहीत नाही."

भानुदासने हे आईला मराठीत सांगितलं.

डॉरिसने फिल्म सुतळीवरून स्वतः खाली काढली. दोन तास लागले. निघताना तिने भानुदासला गाडीपाशी बोलावलं. "चिमट्यांचे डाग सहा ठिकाणी कायम राहणार. नियमाप्रमाणे तुला आजच काढायला हवं. मी तुला लेखी ताकीद देणार आहे, आणि दुसऱ्या वेळी पत्र लिहीत बसणार नाही. या फिल्मच्या कामाशी तुझा संबंध होता, हे कुठेही येता कामा नये. आलं तर ती बाहेर गेली कशी, हे मला वर सांगावं लागेल." भानुदासने इतक्या वेळा मान हलवली की मान दुखायला लागली.

त्यानंतर महिनाभर ऑफिसात फोन वाजला की तो दचकायचा. ईमेलवर डॉरिसचं नाव दिसलं की आधी पाणी प्यायचा आणि मग उघडायचा. घरी बढाई पूर्ण बंद. सुजाताने विचारलं, आज काय केलं, तर म्हणायचा, बसलो होतो.

मेच्या शेवटी कंपनीच्या छोट्या हॉलमध्ये मिसेस पेल पडद्यावर आल्या. क्रेमर पहिल्या रांगेत होते. त्यांनी हट्टाने शेवंताबाईंना बोलावलं होतं. पांढरी साडी नेसून त्या त्यांच्या शेजारी बसल्या. भानुदास मागे, भिंतीला पाठ लावून. मिसेस पेलनी कांदा चिरला, चुलीवर भांडं ठेवलं, ओट्यावर सांडलेलं दूध हसत हसत पुसलं. अधूनमधून चिमट्याचा डाग चिमणीसारखा उडून जायचा. तेव्हा लोक हसायचे आणि भानुदास डोळे मिटायचा. क्रेमरनी मात्र एकदाही डोळे मिटले नाहीत.

शेवटी नावं आली. डॉरिस हॅनली. लॅबची चार माणसं. लेनर्ड क्रेमर. आणि सगळ्यात खाली, विशेष आभार: शेवंताबाई, आडनाव गाळून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेवंताबाईंना इंग्रजीतलं आपलं नाव तेवढं वाचता यायचं. त्यांनी ते बोटाने एक एक अक्षर करून वाचलं, मग पडदा पार काळा होईपर्यंत वाट पाहिली आणि मागे वळून भरल्या हॉलमध्ये विचारलं, "भानुदास, तुझं नाव कुठं आहे रे?"

डॉरिसने मागे वळून पाहिलं. भानुदास खुर्च्यांमधून वाकत वाकत आईपाशी पोचला.

"हळू बोल आई," तो म्हणाला. "नाही आलं, म्हणून तर उद्या कामावर जायचंय."