नातं नसल्याचा कागद

"आणखी एक कागद? हा तरी शेवटचा ना?" ड्वाइट पेलेटियरने फोनवर विचारलं.

"सध्यापुरता शेवटचा," बँकेच्या बाई म्हणाल्या. "पाच वाजता मंजुरीची मुदत संपते."

शुक्रवारचे चार वाजले होते. कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरातलं व्हर्ना टकेटचं घर विकून द्यायचं काम दलाल म्हणून ड्वाइटकडे होतं. शाळेच्या स्वयंपाकघरातली तिची नोकरी गेली, घराची किंमत कर्जाच्या निम्म्यावर आली, आणि मिळेल त्या किमतीत कर्ज मिटवायला बँक तयार झाली. तयार व्हायला बँकेला अकरा महिने लागले. तेवढ्या काळात व्हर्नाने आपल्या हलाखीचं पत्र चार वेळा लिहिलं. तिसरं तर 'हलाखी पुरेशी स्पष्ट नाही' म्हणून परत आलं. तिच्या खात्यात आलेल्या चाळीस डॉलरचाही खुलासा मागितला गेला, तेव्हा तिच्या बहिणीने लिहून दिलं, 'ही वाढदिवसाची भेट आहे. उसने दिले म्हणाल, तर व्हर्नाने आजवर काहीही परत केलेलं नाही.' हे पत्र मात्र बँकेने एका दिवसात मान्य केलं.

आता हवं होतं प्रतिज्ञापत्र. घर विकणारी आणि घेणारा यांच्यात कसलंही नातं नाही, पुढे जोडायचं ठरलेलं नाही, आणि विकणारी त्या घरात भाड्यानेही राहणार नाही.

ड्वाइटने हताशपणे समोर पाहिलं. व्हर्ना आणि घर घेणारे ऑरिन हॅस्केल हे निवृत्त, विधुर पोस्टमन एकाच पुड्यातले बदाम खात बसले होते. बँकेची वाट बघत अकरा महिने दोघं ड्वाइटच्या ऑफिसातल्या याच खुर्च्यांवर बसली होती, आणि गेल्या रविवारी त्यांचं लग्न ठरलं होतं.

"सही करून टाका ना," ड्वाइट अजिजीने म्हणाला. "फक्त पाच वाजेपर्यंत नातं नाही, असं समजा."

"खोट्यावर सही? घर लिलावात गेलं तरी चालेल!" व्हर्ना म्हणाली.

"अगं, धीर धर," ऑरिन तिला समजावू लागले. "घर आपलंच होणार. ते अंजिराचं झाड तोडलं की त्या जागी माझी मासेमारीची बोटही उभी राहील..."

"कुठलं झाड?"

"मागचं. नुसता कचरा करतं."

"एकवीस वर्षांपूर्वी मी लावलंय ते! कचरा म्हणतोस?"

"झाडाला नाही गं, पानांना..."

"मिस्टर हॅस्केल, पेन द्या तुमचं."

"तुमचं? मला 'तुम्ही' म्हणतेस?"

"तुम्हालाच. ड्वाइट, नातं नाही हे कुठे लिहायचं? आणि जुळणारही नाही, तेही आहे ना त्यात?"

तिने अशी सही केली की कागद फाटता फाटता राहिला. साखरपुड्याची अंगठी टेबलावर ठेवून ती बाहेर पडली. कान लाल झालेल्या ऑरिननीही सही केली. चार बावन्नला कागद फॅक्सने गेले, चार अठ्ठावन्नला मंजुरी आली.

ड्वाइटने बरीच घरं विकली होती. लग्न मोडून विकलेलं हे पहिलंच. कमिशन मिळणार होतं, पण त्याला काही गोड लागेना. तो बाहेर आला. व्हर्ना गाडी चालू न करता नुसतीच बसली होती. मागच्या सीटवर तिच्या बॅगा होत्या. ऑरिन खिडकीपाशी उभे होते.

"पाण्याचा मुख्य नळ कुठून बंद होतो?"

"घर तुमचं आहे. शोधा."

"व्हर्ना, बोट विकतो मी."

"कुणाला?"

"कुणालाही. नात्यातला नसला म्हणजे झालं."

व्हर्ना हसू दाबत राहिली, पण ते काही दबलं नाही. तिने पलीकडचं दार उघडलं. "बस आत. तुला एकट्याला तो नळ जन्मात सापडायचा नाही."

ड्वाइटच्या खिशातला फोन वाजू लागला. बँकेचा नंबर होता. त्याने तो वाजू दिला आणि जाणाऱ्या गाडीला हात केला.