डॅनी पेड यांचं गाऱ्हाणं

आमच्या सोसायटीच्या सभेत तक्रार मांडायची असेल तर आधी दत्तूकाका कुठे बसलेत ते बघून घ्यावं लागतं. त्यांच्या मांडीवर गिटार असते. कुणी उठून म्हणालं, आमच्याकडे पाणी कमी येतं, की काका जाड तारेवर ठेका धरतात. बोलणारा नकळत त्या ठेक्यात बोलू लागतो. पाणी येत नाही, हे तो पुन्हा एकदा म्हणतो. मग काका बारीक तारेवर एक लांब, पिळवटलेला सूर काढतात आणि बाकीच्यांकडे बघून मान हलवतात. ही खूण असते. सगळ्यांनी म्हणायचं, "व्हय महाराजा." आमचे सेक्रेटरी मयेकर भोळे. त्यांनी एकदा सभेच्या इतिवृत्तात लिहूनही टाकलं, की सदर तक्रार ई मायनर पट्टीत नोंदवण्यात आली.

दत्तूकाका, म्हणजे दत्ताराम पेडणेकर, हे माझे शेजारी. भोईवाड्यातल्या जुन्या चाळीत आमची भिंत सामाईक होती. चाळ पडून इमारत झाली, बिल्डरने सगळं बदललं, ती भिंत मात्र आमच्या नशिबात तशीच राहिली. तिच्यातून मी लहानपणापासून त्यांची गिटार ऐकत आले आहे. गिरणीत बॉबिनवर सूत भरणाऱ्या माणसाचा हा मुलगा तरुणपणी कुलाब्याच्या हॉटेलांत ब्लूज आणि रॉक वाजवायला लागला. हॉटेलच्या पाटीवर पूर्ण नाव मावेना, म्हणून पाटी रंगवणाऱ्याने 'पेड' वर ब्रश थांबवला. मॅनेजरने पुढे डॅनी जोडलं. डॅनी पेड या नावाने त्यांनी उभी हयात वाजवलं, आणि स्टेजवर इंग्रजीत गात असले तरी बोलले कायम मालवणीतच.

त्यांची सगळी थिअरी एका वाक्यात बसते. "ब्लूज म्हणजे गाऱ्हाणा. आपण ता देवाम्होरा घालतो, तकडे ते गिटारीर घालतत." कोकणात देवासमोर एकजण सगळ्या गावाची दुःखं मोठ्याने मांडतो आणि बाकीचे 'व्हय महाराजा' म्हणून त्याला होकार देतात, तसंच हे, असं ते परदेशी वादकांनाही समजावून आलेले आहेत. त्यांना ते पटलंही म्हणे.

मागच्या वर्षी एका वाहिनीने त्यांच्या कारकिर्दीवर तासभराचा कार्यक्रम करायचं ठरवलं. ईशा नावाची एक हुशार दिग्दर्शिका कॅमेरेवाल्यांना घेऊन आली. तिला काकांचा संघर्ष हवा होता. काकांनी सांगितलं, संघर्ष म्हणजे अँप्लिफायर जिन्यावरून वर चढवणं. बाकी मजाच होती. तिने विचारलं, आयुष्यात खंत कसली वाटते? काका बराच वेळ विचार करून म्हणाले, की बांगड्याला पूर्वीची चव राहिली नाही. शेवटी तिने त्यांना गिटार घेऊन एका बंद गिरणीच्या फाटकाशी उन्हात उभं केलं आणि आत उदास नजरेने बघायला सांगितलं. काकांनी छान बघितलं. मग म्हणाले, माझा बाप या गिरणीत नव्हता, पलीकडच्या होता. ईशा म्हणाली, तिथे आता मॉल झालाय, तो उदास दिसत नाही.

पेडणेकरकाकूंनी या सगळ्याकडे फार लक्ष दिलं नाही. त्यांना हल्ली जवळजवळ ऐकूच येत नाही. कानात लावायचं यंत्र मुलीने आणून दिलं होतं, ते त्यांनी शोकेसमध्ये ठेवलं आहे. काका त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून बोलतात. पूर्वी भिंतीतून गिटार यायची, आता त्यांच्या घरातली कोथिंबीर संपल्याचंही मला कळतं.

कार्यक्रम रविवारी संध्याकाळी होता. तळमजल्याच्या हॉलमध्ये पडदा लावला. मयेकरांनी हार आणला. काका आणि काकू मागच्या रांगेत बसले, कारण काका पडद्यावर जे चाललंय ते काकूंना ओरडून सांगणार होते. सुरुवातीलाच काकांचा अपमान झाला. त्यांच्या मालवणीखाली वाहिनीने साध्या मराठीत अक्षरं टाकली होती. मराठी बोलण्याचं मराठीत भाषांतर झालेला मी पहिलाच गिटारवाला, असं ते सगळ्यांना ऐकवत राहिले.

कार्यक्रम झकास झाला होता. कुलाब्याचे जुने फोटो होते, केस खांद्यापर्यंत, पॅन्ट पायघोळ. मोठमोठे वादक सांगत होते, की डॅनीभाईंची एक तार ऐकून आम्ही वाजवायला लागलो. काका प्रत्येक कौतुक काकूंच्या कानात ओरडत होते, थोडं वाढवूनच. पुढच्या रांगेतून कुणीतरी त्यांना हळू बोला म्हणालं.

मग विषय निघाला परदेशी बँडचा. त्या बँडने काकांना वर्षभराच्या दौऱ्यावर बोलावलं होतं आणि काका गेले नाहीत, हे इमारतीत सगळ्यांना ठाऊक. कारणही पाठ. पासपोर्टवर दत्ताराम, करारावर डॅनी, म्हणून व्हिसावाल्याने त्यांना हाकललं. काका तो किस्सा व्हिसावाल्याच्या आवाजात सांगतात.

पडद्यावर काका स्वयंपाकघरात स्टुलावर बसले होते. मागे काकू पाठमोऱ्या, मासे तळत होत्या. ईशाने विचारलं, का गेला नाहीत? काकांनी एकदा मागे वळून बघितलं आणि नेहमीपेक्षा हळू आवाजात बोलायला लागले.

हॉलमध्ये काकांनी घाईने काकूंचा कान गाठला. "हयसर मी व्हिसाचा सांगतंय," ते ओरडले.

काकूंनी त्यांचं तोंड हाताने बाजूला केलं. "गप ऱ्हवा. मी वाचतंय."

खाली अक्षरं येत होती. व्हिसा मिळाला होता. त्या वर्षी आमचं पहिलं बाळ गेलं. ही भिंतीकडे तोंड करून पडून असायची, कुणाशी बोलायची नाही. मी गिटार वाजवली की तेवढी मान वळवायची. मग मी कुठे जाणार?

जाहिरात लागली. काका चपलेकडे बघत होते. काकू त्यांच्याकडे बघत होत्या.

"इतकी वर्सा मी त्या व्हिसावाल्याक शिव्या घालतंय," काकू म्हणाल्या.

लोक हसले, काकूंना हसू आलं नाही. त्यांनी काकांचं मनगट धरलं आणि त्यांना उठवून लिफ्टकडे घेऊन गेल्या. जाहिरात संपली. पडद्यावर काका एक लांबलचक सोलो वाजवायला लागले. मयेकर हार घेऊन इकडेतिकडे बघत होते. मी म्हटलं, चहा तरी वर नेऊन द्यावा. लिफ्ट येईना, म्हणून दोन कप घेऊन जिन्याने निघाले.

त्यांचं दार उघडंच होतं. आतून काकांचा आवाज पार जिन्यापर्यंत येत होता.

"अगो, माका जावचाच नव्हता."

"तुमी अजून खोटा बोलतास," काकूही तेवढ्याच मोठ्याने म्हणाल्या. मग त्या रडायला लागल्या असाव्यात, कारण काका पुन्हा तेच ओरडून सांगू लागले, आधीपेक्षा सावकाश, एकेक शब्द सुटा करून.

काकूंना ऐकू येत नाही. त्यामुळे त्या दोघांना एकमेकांशी हळू असं काही बोलताच येत नाही. मी त्यांचं दार बाहेरून अलगद ओढून घेतलं आणि चहा घेऊन खाली आले.