भालचंद्रकाकांचा पासवर्ड

पासष्टी ओलांडली की माणसाला पासवर्ड लागतो, तसा आमच्या भालचंद्रकाकांनाही लागला. तो सांगितल्याशिवाय ते ना काही ऐकत, ना बोलत. विश्वासाची जागा म्हणून त्यांनी तासगावच्या घरचं स्वयंपाकघर तेवढं नोंदवलं होतं. तिथे बसले की कुणाशीही मोकळेपणाने बोलत, त्यामुळे पासवर्डची गरजच पडली नव्हती.

मग त्यांचं आतडं फुटलं आणि त्यांना मिरजेच्या दवाखान्यात आणलं. लहानपणी कुठल्याशा औषधाने ते मरता मरता वाचले होते. ते औषध कोणतं हे त्यांनाच ठाऊक, आणि ते कळल्याशिवाय डॉक्टर मगदूम ऑपरेशनला हात लावायला तयार नव्हते. काका पोट धरून छताकडे बघत होते.

पासवर्ड फक्त बायकोच्या आवाजात चालतो आणि तीनदा चुकला की माणूस कायमचा बंद होतो. शालिनीकाकू पुढे झाल्या आणि हळूच म्हणाल्या, "अहो."

काकांच्या कपाळावर लाल दिवा लागला. डॉक्टरांनी एक बोट वर केलं.

मी वैतागून विचारलं, पासवर्ड माहीत तरी आहे का? माहीत होता. काकांचं नावच होतं ते. काकू ते कधीच उच्चारणार नाहीत, म्हणून काकांनी मुद्दाम ठेवलेलं. मला दोघांचाही भयंकर राग आला.

काकूंनी पदर सारखा केला. "ओसरीवर सुपारी, परसात केळ, भालचंद्ररावांचं नाव घेते, ऑपरेशनची वेळ."

नर्सबाईंनी सवयीने टाळी वाजवली. पुन्हा लाल दिवा. आता एकच संधी उरली होती. काकांचे ओठ निळे पडत चालले होते. काकूंनी त्यांचा हात घट्ट धरला.

"भालचंद्र," त्या म्हणाल्या.

काकांनी मान वळवली. "पेनिसिलिन," ते म्हणाले.

चारचौघांत उच्चारलेला पासवर्ड बाद होतो, म्हणून भूल देण्याआधी नवा ठेवणं भाग होतं. आम्ही सगळ्यांनी पाठ फिरवली. काकांनी तो काकूंच्या कानात सांगितला आणि त्यांना आत नेलं.

काकू बाकावर बसून रडू लागल्या. मी घाबरून विचारलं, काय झालं?

"माझं माहेरचं नाव ठेवलंय रे. मला वाटलं, विसरले असतील."

लग्नात त्यांचं नाव बदललं होतं. आम्हा सगळ्यांना त्या शालिनी म्हणूनच ठाऊक. मी म्हटलं, काय होतं ते नाव?

काकूंनी डोळे पुसले. "पासवर्ड सांगतात का कुणाला?"