शुद्ध हवेचा बंदोबस्त

घरातली हवा बाहेरच्या हवेपेक्षाही घाण असू शकते, असं मी कुठंतरी वाचलं आणि त्याच दिवशी ठरवलं, की आपल्या घरात हे चालू द्यायचं नाही! (मी वाचतो त्यातलं निम्मं अर्धवट वाचतो. हे त्या निम्म्यातलं. पुढे 'म्हणून खिडक्या उघड्या ठेवा' असं लिहिलं होतं म्हणे.)

बायको बहिणीकडे गेल्याची संधी साधून मी कामाला लागलो. धूळ बाहेरून येते, म्हणजे शत्रू बाहेरचा. तेव्हा सगळ्या वेशी बंद! खिडक्यांच्या फटींना चिकटपट्टी, दारांच्या कडांना रबराची पट्टी, स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट फॅनवर पुठ्ठा. बाथरूमच्या वरच्या झरोक्यात तर थर्माकोलचा जाड तुकडा ठोकून बसवला. तो इतका फिट्ट बसला, की मी स्वतःचीच पाठ थोपटायला गेलो. (हात पोचला नाही.)

सासरे तेव्हा आमच्याकडे राहायला आले होते. शाळेत कवायत शिकवण्यात हयात गेलेली, ताठ माणूस. तक्रार करणं त्यांना कमीपणाचं वाटतं. ते दोनदा खोलीतून फिरले, खिडकीपाशी थांबले आणि म्हणाले,

"जावईबापू, जरा कोंदल्यासारखं होतंय का?"

"सुरुवातीला होतं, बाबा. शुद्ध हवेची सवय नसते ना आपल्याला."

"असेल, असेल," म्हणून त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला आणि आंघोळीला गेले. कडी लागली. नळ सुटला. भप्पकन गीझर पेटल्याचा आवाज आला. आमचा गीझर गॅसवरचा, आणि आहे बाथरूमच्या आतच.

तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नव्हतं. मी पेपर वाचत बसलो होतो.

बऱ्याच वेळानं बायकोचा फोन आला. "बाबांची आंघोळ झाली का?"

"चाललीय. तू ये तर खरी, घर ओळखणार नाहीस! धुळीचा कण आत येणार नाही. सगळ्या फटी बुजवल्यात. बाथरूमचा झरोकासुद्धा!"

पलीकडे काहीतरी आपटल्याचा आवाज आला. मला वाटलं, कौतुकानं टाळी वाजवली असेल.

"अहो," तिचा आवाज चिरकला, "तिथं गॅसचा गीझर आहे!"

"मग?"

"मग काय मग! बंद खोलीत तो जळत राहिला की विषारी वायू साठतो. वास नाही, रंग नाही. माणूस बसल्या जागी जातो! सिलिंडर बंद करा आधी! बाबांना बाहेर काढा!"

मी धावत स्वयंपाकघरात जाऊन रेग्युलेटर बंद केला आणि बाथरूमच्या दारावर धडकलो.

"बाबा!"

उत्तर नाही. नळाचाही आवाज नाही.

"बाबा, ओ द्या! नुसतं खाकरा तरी!"

दाराखालून पाहावं म्हणून आडवा झालो, तर तिथं माझीच रबराची पट्टी. त्या क्षणी मला एवढंच आठवत होतं, की या माणसानं मला कधी अरे म्हणून हाक मारली नाही. मी चहा सांडला तरी 'कपच तसा आहे' म्हणणारा माणूस. त्यांच्या मुलीला आता कोणत्या तोंडानं काय सांगायचं?

मी मागं सरकलो आणि खांद्यानं दारावर धडक दिली. दार जागचं हललं नाही, खांदा हलला. मी जिन्यात जाऊन बोंब मारली. वरच्या मजल्यावरचे पैलवानकाका तोंडावरचा साबण न पुसताच धावत खाली आले.

"काय झालं?"

"सासरे... आत... मी..."

"तुम्ही बाजूला व्हा."

मी बाजूला झालो नाही. दोघांनी एकदमच धडक मारली. दार धाडकन उघडलं, काका भिंतीला थडकले आणि मी भरलेल्या बादलीत डोकं घालून पडलो. मान वर काढली, तर वाफेत सासरे उभे. स्टुलावर. कमरेला टॉवेल, पाठ ताठ, आणि मानेच्या वर काहीच नाही!

मी किंचाळलो.

"ओरडताय काय," काका म्हणाले, "डोकं झरोक्यातून बाहेर आहे त्यांचं."

आम्ही त्यांना हळूच मागं ओढलं. कान सोडवायला जरा वेळ लागला. चेहरा लालबुंद झाला होता, पाय लटपटत होते, पण श्वास चालू होता. डोकं जड व्हायला लागलं तसा त्यांनी नळ, गीझर बंद केला, कडी काढली. पण वाफेनं दार फुगून रबराच्या पट्टीत रुतून बसलं होतं. म्हणून मग त्यांनी बुक्की मारून थर्माकोल फोडला, डोकं बाहेर काढलं आणि मदतीसाठी हाका मारल्या. खाली रस्त्यावरची माणसं उलट त्यांनाच हात हलवून नमस्कार करत होती.

"बाबा," मी म्हणालो, "माझी चूक झाली."

"जावईबापू," ते धापा टाकत म्हणाले, "बाहेर हवा बरी आहे हो."

हे ऐकलं आणि माझ्याच डोळ्यांपुढे अंधारी आली.

काकांनी आम्हां दोघांना दवाखान्यात नेलं आणि बायकोही थेट तिथंच पोचली. डॉक्टरांनी सासऱ्यांना ऑक्सिजन लावला, रक्त तपासलं, संध्याकाळपर्यंत नजरेखाली ठेवलं आणि धोका टळल्याचं सांगितलं. तिनं वडिलांचा हात हातात घेतला आणि मगच ती रडली. मी कोपऱ्यातल्या बाकावर दुखावलेल्या खांद्याचा हात गळ्यात बांधून बसलो होतो. डॉक्टर माझ्याकडे वळले. नाव विचारलं, पत्ता विचारला, वार विचारला. वार चुकला.

"यांच्यावर परिणाम झालेला दिसतोय," ते गंभीरपणे बायकोला म्हणाले. "मेंदूला हवा कमी पडली की असं होतं. कधीपासून आहे हे?"

बायकोनं डोळे पुसले आणि माझ्याकडे नीट निरखून पाहिलं.

"लग्नाच्या आधीचं मला नाही सांगता येणार, डॉक्टर."