सतरा वेळा मेलेला माणूस

"गुन्हेगाराच्या मनात पाप येण्याआधी माझ्या नाकाला त्याचा वास लागतो," असं हौशी गुप्तहेर दाजी स्वतःविषयी सांगत. ते नाक बारमाही चोंदलेलं असतं हे त्यांच्या मेहुण्याला ठाऊक होतं. पण दाजी पडले बहिणीचे यजमान, म्हणून तो मुकाट्याने मदतनीस झाला होता.

प्रकरण असं. थिएटरला उद्या कुलूप लागायचं होतं. शेवटच्या खेळाला जुना कुंग फूचा सूडपट लावला होता. बापाच्या खुन्यांना शोधत नायक सतरा गुंड लोळवतो. निर्मात्याचा हात इतका आखडता, की सतराही गुंड एकाच माणसाने केले होते, म्हणून प्रत्येकाच्या तोंडाला फडकं. तो माणूस आता सत्तरीचा होऊन बायकोसह खाली प्रेक्षकांत बसला होता. आठव्या, म्हणजे शेवटच्या रिळात मरताना त्याचं फडकं सुटतं आणि तेवढाच एकदा चेहरा दिसतो. सिनेमा पहिल्यांदा लागला तेव्हा बायको बाळंतीण होती, त्यामुळे तिचं बघायचं राहिलं ते राहिलंच. प्रत एकच, आणि नेमकं आठवं रीळ गायब.

दाजींनी मशीनच्या खोलीतच चौकशी मांडली. हा सूडच आहे, असं ठरवून त्यांनी तिकीटवाल्याला विचारलं, तुझ्या बापाला कोणी मारलं? बाप शेजारीच उभा होता. तो जरा दुखावला. मग दाजींचा संशय खुद्द म्हातारबुवांवर गेला. "सतरा वेळा मेलेला माणूस खाली जिवंत बसतोच कसा?"

इकडे सातवं रीळ संपत आलं. वाट बघून म्हातारबुवांची बायको, म्हणजे आजीबाईच, जिना चढून आल्या, दम घ्यायला टेकल्या आणि म्हणाल्या, "अहो, मशीनच्या पायाखाली डबा कसला?"

ऑपरेटरने कपाळावर हात मारला. खेळ संपल्यावर हातात उरतो तो शेवटचाच डबा. हा सिनेमा मागे उतरला त्या रात्री मशीन डुगडुगलं, त्याने हातातला डबा खाली सरकवला, दुसऱ्या दिवशी नवा सिनेमा आला आणि डबा तिथेच राहिला.

डबा काढताच मशीन कललं, चित्र पडद्यावरून उतरून पहिल्या रांगेच्या डोक्यांवर आलं. शेवटी दाजी आणि मेहुण्याने मिळून मशीनचा पाय खांद्यावर उचलून धरला. मेहुण्याला मान वाकडी करून झरोक्यातून पडदा दिसत होता. सतरावा गुंड कोसळला, फडकं सुटलं. पंचविशीतला, घामेजलेला, देखणा चेहरा डोळ्याचं पातं लवण्याइतकाच दिसला.

आजीबाई झरोक्याला नाक लावून उभ्या होत्या.

"ऑपरेटरदादा," त्या हळूच म्हणाल्या, "यांना आणखी एकदा मारता का?"

दाजींनी मशीनचा पाय पुन्हा खांद्यावर घेतला.