मोटारीला वाट ठाऊक नव्हती

आमच्या उंद्रीचे नानाजी मोटार थांबवताना ब्रेक दाबत, पण आधी "होऽ, होऽ" म्हणत. सुरू करताना जीभ टाळूला लावून च्यक् च्यक् करत. पोळ्याला गावच्या बैलांबरोबर त्यांची मोटारही न्हाऊन निघे. दिव्यांच्या वर गेरूचे ठिपके लागत आणि बोनेटवर पुरणपोळी ठेवली जाई. ती गल्लीतला कुत्रा खाई. "कोणाच्या तरी पोटात गेली ना?" नानाजी म्हणत.

जन्मभर बैलगाडी हाकलेला माणूस. दुसरी मोठी लढाई संपल्यावर त्यांनी खामगावच्या एका व्यापाऱ्याकडून ही जुनी मोटार घेतली. घेताना दात पाहण्याची सोय नव्हती, म्हणून चारी चाकांना लाथा मारून पाहिल्या.

बाजार करून परतणारा गाडीवान कासरा सैल सोडून झोपतो आणि बैल त्याला घरी आणतात, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे. नानाजी एका दुपारी चिखलीच्या बाजारातून निघाले आणि त्यांनीही तेच केले. मोटार नाक्याचा दांडा मोडून थेट पोलीस चौकीच्या ओट्यावर चढली. कुणाला खरचटलेही नाही. हवालदारांची खाट तेवढी गेली. ते नुकतेच पाणी प्यायला उठले होते. फिर्याद द्यायला कुणाला लांब जावे लागले नाही.

दंड झाला. लायसनवर लाल शाईचा शेरा आला. त्यातच नवा कायदा लागू झाला, की विम्याशिवाय मोटार रस्त्यावर आणायची नाही. शेरा पाहून दोन कंपन्यांनी हात जोडले. तिसरीने इंग्रजी फॉर्म पाठवला. मी तेव्हा दिवाळीच्या सुटीत गावी आलो होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे गावातले सगळे इंग्रजी माझ्या गळ्यात पडे. ते मला पेलते की नाही, हे कुणी विचारत नसे.

"अपघाताचं कारण विचारलंय, नानाजी. चाक घसरलं, असं लिहू का?"

"काऊन? चाक कुठी घसरलं? मी झोपलो होतो."

"पण तसं लिहिलं तर विमा भेटणार नाही."

"नाही भेटला तं मोटार गोठ्यात उभी राहीन. खोटं एकदा कागदावर चढलं का उतरत नाही बे. लिही, मालक झोपला अन् मोटारीले वाट ठाऊक नव्हती."

मी भीत भीत तसेच लिहिले. पुढचा प्रश्न होता, पूर्वी कधी असे घडले होते काय?

"नाही," नानाजी म्हणाले. "आधी झोपू कोण देत होतं? बाजूले तुही नानी बसे. चिखलीपासून घरापर्यंत तिचं तोंड बंद नाही. हे वावर कोणाचं, त्याची सून कशी, वांगे काय भावानं देल्ले. मी म्हणो, बाई, मोटारीपेक्षा तुहाच आवाज जास्त." नानी आषाढात वारल्या होत्या. नानाजींनी उपरण्याने नाक पुसले. "हे नको लिहू."

मी मान हलवली. पण शेवटी 'अन्य माहिती' अशी एक रिकामी ओळ होती. तिथे मी ते लिहिले. थोरांचे न ऐकण्याची माझी ती पहिलीच वेळ. लिफाफा मी स्वतःच टपालात टाकला.

सुटी संपायला चार दिवस असताना उत्तर आले. विमा मिळाला! हप्ता जबर होता, आणि एक अट होती: शेजारी कुणीतरी जागे असल्याशिवाय मोटार चालवायची नाही. नानाजींनी मोटारीलाच नमस्कार केला. मला वाटले, माझ्याच मानेवरचे जू उतरले.

"चाल बे, भाडं नाही, निस्तं बोलत राह्य," असे म्हणत ते दिसेल त्याला मोटारीत बसवू लागले. भजनी मंडळींना मात्र मनाई होती. भजनाने त्यांना डुलकी येई.

कॉलेजला परत जाताना खामगाव स्टेशनापर्यंत माझी पाळी आली. मी मुळात अबोल. हवापाणी दोन वाक्यांत संपले. होस्टेलची डाळ तीन वाक्यांत. "बोल नं बे," नानाजी म्हणाले, तेव्हा मी त्यांना तर्कशास्त्र समजावून सांगू लागलो. आणि स्वतःच झोपलो.

दचकून जागा झालो. पण मोटार रस्त्याच्या मधोमध सुतासारखी सरळ चालली होती, आणि नानाजी हळू आवाजात बोलत होते.

"झोपला पाह्य गरीब. आपलीच विद्या सांगता सांगता झोपला. त्या कागदात तुह्या बडबडीचं यानंच घातलं असन. मी नको म्हणलं होतं." मग जरा थांबून, "ते पाह्य, कपाशी काय फुटली यंदा!" पुन्हा थांबले. कान देऊन ऐकल्यासारखे. मग मान हलवून म्हणाले, "हाव, तेबी खरं हाये."

मी डोळे पुन्हा मिटून घेतले. कंपनीची अट मोडली नव्हती.