हातानं शिवलेला बेल्ट

पौर्णिमाला बघायला नाचणगावची मंडळी येणार, म्हणून मी नवा बेल्ट घ्यायचं ठरवलं. (ते मुलीला बघायला येताहेत, तिच्या बापाच्या कमरेला नाही, असं कांतानं बजावलं होतं. पण बायकोचं ऐकायची आमच्याकडे पद्धत नाही. मागाहून पस्तावायची आहे.)

तसं बघायचं काही उरलं नव्हतं. पौर्णिमा आणि धम्मदीप वर्ध्याला एकाच लॅबमध्ये कामाला, दोघांनी एकमेकांना केव्हाच पसंत केलेलं. बाकी होता फक्त धम्मदीपच्या आईचा, देवकाबाईंचा होकार. आणि देवकाबाई म्हणे माणूस पारखून घेतात. माझ्यामुळे पोरीचं जमत आलेलं मोडलं तर, या धास्तीनं माझी झोप उडाली होती.

बेल्ट कुठून घ्यावा? ऑफिसातला कुंदन म्हणाला, ऑनलाइन. शेजारचे भैय्याजी म्हणाले, आष्टीचा बाजार काय वाईट आहे? मी सरळ वर्धा गाठलं. दुकानदारानं डिझायनर बेल्ट काढला. अस्सल चामडं, हातानं शिवलेलं. खरंच हातानं का, विचारल्यावर तो दुखावला. म्हणाला, मशीनसुद्धा कोणीतरी हातानंच चालवतो ना साहेब? मला पटलं. (दुकानात मला सगळंच पटतं. घरी आल्यावर पटेनासं होतं.)

पाहुणे यायच्या सकाळीच मोबाइलवर एक व्हिडिओ दिसला. हाताच्या शिलाईचा एक टाका कापला तरी बाकीचे जागचे हलत नाहीत, मशीनच्या शिलाईचा धागा ओढला की ओळच्या ओळ उसवते. मी नखं कापायची कात्री घेतली, एक टाका कापला आणि धागा ओढला. बेल्ट मशीनवर शिवलेला आहे हे निर्विवाद सिद्ध झालं. वरचं कातडं एका हातात, खालचं दुसऱ्या हातात, मधला पुठ्ठा मांडीवर आणि बक्कल पलंगाखाली. जुना बेल्ट मी उत्साहाच्या भरात भैय्याजींना स्कूटरवर सिलिंडर बांधायला देऊन टाकला होता, आणि ते रोहण्याला गेले होते. त्यात पँट, पुढे अंग धरेन या आशेनं कांतानं सैल शिवून घेतलेली.

तेवढ्यात दारात हॉर्न वाजला. सगळा जन्म टेबलामागे काढलेल्या कारकुनाला जे सुचणार, तेच मला सुचलं. मी स्टेपलर काढला.

चहा घेताना धम्मदीपच्या वडिलांची, नागसेनजींची नजर माझ्या कमरेवर खिळली.

"हातचं काम दिसून राह्यलं," ते म्हणाले. "कुठून घेतला?"

मी उत्तरासाठी श्वास घेतला, आणि एक पिन उडून त्यांच्या चिवड्यात पडली. मग कांतानं कात्रीपासूनचं सगळं सांगून टाकलं. पौर्णिमानं मान खाली घातली. तिच्याकडे बघून मला रडू यायचंच बाकी होतं.

"पण कात्री लावली काऊन?" देवकाबाईंनी मला विचारलं.

"हातानं शिवला हाये का, ते पाहाले."

देवकाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "आमच्या यायनं गिझर खोलला, आत तांबं हाये का ते पाहाले. तवापासून बंद पडून हाये." नागसेनजी चिवड्यातले शेंगदाणे निवडू लागले.

मग देवकाबाई पौर्णिमाकडे वळल्या. "बाबाले तूच सांभाळतं काय, बाई?"

"हो. मी आन् आई."

"मंग काही इचाराचं नाई. पोरगी आमची. धम्मदीप बापावरच गेला हाये."

कांताच्या डोळ्यांत पाणी आलं. मला इतका आनंद झाला की उठून नागसेनजींना मिठी मारावीशी वाटली, पण उठण्याची सोय नव्हती. पौर्णिमाचं शिक्षण, नोकरी, स्वभाव, कोणी काही विचारलंच नाही. त्यांना हवा होता अनुभव, आणि तो मी तिला लहानपणापासून घरबसल्या देत आलो होतो.